पाण्याआधी केरसुणी

परवा शेजारी चुना लावत होते. त्या वासानं मी थेट लक्ष्मीबाई नगरातल्या माझ्या नव्या संसारात गेले. हे तेव्हा सरकारी नोकरीत, फरीदाबादच्या कारखान्यांत हवेतली धूळ मोजायचे, मर्यादेबाहेर आहे का ते बघायला. एकदा कळीच्या चुन्याचं पोतं जवळच फुटलं, तसेच पांढरेफटक होऊन स्कूटरवरून दारात आले. आमच्याकडच्या रीतीनं मी पायांवर ओतायला पाण्याचा तांब्या आणला.

"थांब, पाण्यानं भाजेल. नाकाला पदर लाव आणि आधी केरसुणीनं झाडून काढ."

मग काय, लागले झाडायला. मी नवऱ्याला बडवतेय असं वाटून समोरची पंजाबी शेजारीण धावत आली. "छोड दो भाभी, बेचारे को."

हे डोळे मिटूनच म्हणाले, "करने दीजिए, सरकारी काम है."

तेव्हा लाजेनं अर्धी झाले होते. आता एकटीच हसत बसते.