वांग्यावरचं पागोटं

जिभेला बोट लावायचं, ते आभाळाकडे उभं धरायचं, एक डोळा मिटायचा आणि जाहीर करायचं, "अजून एक बाकी आहे!" कचेरीतून बाहेर पडताना रोज संध्याकाळी हे गृहस्थ एवढं केल्याशिवाय पायरी उतरत नसत. मी मागे उभा. थंडीत एक वेळ ठीक आहे हो, पण फाल्गुनात, घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला असताना?

बाकी असायचा तो पाला. म्हणजे झाडाचा नव्हे. आमच्या माळव्यात हिवाळ्यात पहाटेचं दव गोठतं आणि हिरवं रोप सकाळी काळं पडलेलं दिसतं, त्याला पाला पडणं म्हणतात. यांचं घराणं साताऱ्याकडचं, देवासला येऊन तीन पिढ्या झालेल्या, पण पाल्याशी काही यांचं जमलं नाही. कचेरीत माझ्या शेजारी बसून दप्तर लिहायचे आणि घरामागच्या परसात भाजी लावायचे. निदान लावायचा बेत तरी करायचे.

माघात सगळ्या गावानं काकडी-दोडक्याचं बी टोचलं की हे म्हणत, "घाई नको. अजून एक बाकी आहे." होळी होऊन जाई. लोकांच्या ताटात काकडीची कोशिंबीर, आणि यांच्या मडक्यात दोन पानांची रोपं, तीही जुन्या धोतराखाली झाकलेली! उन्हानं धोतराखाली उकडून मेली तरी दोष पाल्याचाच.

त्या काळी देवासात राज्यं दोन. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. पलीकडे एक म्हातारी माळीण राहायची, तिचा भाजीचा वाफा बारा महिने डवरलेला. यांची पक्की समजूत, की पाला फक्त थोरल्या पातीत पडतो. "मग धाकट्या पातीत राहायला जा की," मी म्हटलं. तर म्हणाले, "चाकरी थोरल्यांची केली, पाला कुणाचा खायचा मग?"

पण वांग्यांची गोष्ट थट्टेची नव्हती. एका वर्षी यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस माणूस शुद्धीवर नव्हता. तेव्हा यांच्या कुटुंबानं, म्हणजे आमच्या वहिनींनी, खंडोबाला बोलून ठेवलं, हे उठून बसू देत, आपल्या परसातल्या वांग्यांचं भरीत चंपाषष्ठीला तुला दाखवीन, तोवर मी वांगं तोंडात घालणार नाही. हे उठले. आणि वहिनींना तर वांगं जीव की प्राण!

पहिल्या वर्षी चंपाषष्ठीच्या चार दिवस आधी पाला पडला, दुसऱ्या वर्षी आठ दिवस आधी, तिसऱ्या वर्षी तर फुलंच गेली. देवाला नैवेद्य बाजारच्या वांग्यांचा जाई आणि वहिनी आपल्या पानात नुसती भाकरी नि कांद्याची पात घेत. बोलत काही नसत. म्हणून तर यांना जास्त लागे. "माझ्या तापाची शिक्षा ती भोगतेय हो," असं मला एकदा म्हणाले आणि लगेच बोट ओलं करून आभाळाकडे धरलं.

आता यांची चूक ऐका. चातुर्मासात आपण वांगं खात नाही. तेव्हा खायचं नाही तर पिकवायचं कशाला, असा यांचा हिशेब. म्हणून रोपं लावायची पितृपक्ष उलटल्यावर, म्हणजे पहिलं फळ नेमकं चंपाषष्ठीला! आणि नेमका तेव्हाच पाला. माळीण रस्त्यापलीकडून ओरडायची, "भिया, असाड में रोपो, नी तो पालो खई जायगो!" हे कानांवर हात ठेवत. "चातुर्मासात दारी वांगी? शिव शिव!"

चौथ्या वर्षी आषाढात वहिनी एवढंच म्हणाल्या, "चातुर्मास आपल्याला. झाडाला कुठला?"

गृहस्थांनी त्याच संध्याकाळी रोपं लावली. भाद्रपदापासून झाडं जी लगडली! हे परसात जाताना मान फिरवून जात. माळीण टोपल्या भरभरून नेई आणि हसून हसून बेजार होई. मार्गशीर्ष लागला तरी झाडांवर वांगी होतीच.

चतुर्थीच्या संध्याकाळी वारा एकदम पडला. आभाळ लख्ख, म्हणजे पाला ठरलेलाच. यांनी बोट वर केलं आणि ते तसंच धरून घरी धावले. मीही गेलो. धोतरं, चादरी, वहिनींची गोधडी, सगळं झाडांवर चढलं. शेवटचं झाड उरलं, न्हाणीच्या चुलीमागचं, भिंतीला टेकलेलं. झाकायला काही नाही. त्यांनी डोक्यावरचं लाल दरबारी पागोटं उलगडलं आणि त्या झाडाला पाच वेढे घातले.

सकाळी गवत पांढरं होतं. धोतराखालची झाडं गेली, गोधडीखालचीही गेली. चुलीमागच्या झाडावर तीन वांगी जशीच्या तशी! वहिनी खाली बसून त्यांना नुसता हात लावत होत्या. मी म्हटलं, "तोडा आता आणि पागोटं बांधा. आज दिवाणसाहेबांपुढे हजेरी आहे." हे म्हणाले, "नैवेद्य उद्याचा, वांगी उद्याच तोडायची. आणि अजून एक बाकी आहे."

बोडक्या डोक्यानं कचेरीत! सुतकातला माणूससुद्धा असा येत नाही. दिवाणसाहेबांनी वर पाहिलं.

"पागोटं कुठे आहे?"

"हुजूर, वांग्यावर आहे."

मग दिवाणसाहेबांनी विचारलं, "किती वाचली?"

"तीन, हुजूर."

"बसा."

षष्ठीला मी जेवायला होतो. पुरुषांची पंगत उठली, पण हे काही उठेनात. वहिनींचं पान मांडेपर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. वहिनींनी पहिला घास घेतला. "कसं झालंय?" यांनी विचारलं.

"मीठ कमी आहे," वहिनी म्हणाल्या आणि आणखी वाढून घेतलं.

ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. भर श्रावणात गेले. वहिनी कुणाशी फारशा बोलत नाहीत. परवा चैत्रात, ऊन मी म्हणत होतं, तेव्हा त्यांच्या परसाकडून चाललो होतो. भोपळ्याची रोपं चांगली वीतभर वाढलेली, आणि त्यांच्यावर ते लाल पागोटं पसरलेलं. वहिनी बाजूला उभ्या. मला पाहून ओशाळल्या आणि पागोटं ओढायला वाकल्या.

मी जिभेला बोट लावलं, आभाळाकडे धरलं, एक डोळा मिटला.

"राहू द्या, वहिनी," मी म्हटलं. "अजून एक बाकी आहे."

दोन वर्षांनी त्या हसल्या. मग पागोट्याची कड रोपांभोवती नीट खोचून घेतली.