सोनौलीच्या कमानीत अडलेली गाडी

मंडळी, या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतेय... आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. रिकामा पाळणा हलला, आरशात कुणी बाई दिसली... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. म्हैसूरच्या हेब्बाळ इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात मी क्वालिटी बघते. वस्तू बिघडली तर नेमकी कशामुळे बिघडली, हे शोधायचा मला पगार मिळतो. कारण असतंच. शोधणाऱ्याचा कंटाळा आडवा येतो, एवढंच.

मग मी इथे काय करतेय? तर माझा चुलतभाऊ दिगंबर. त्याने आमच्या घरातली एक घटना ‘देवीचा चमत्कार’ म्हणून नातेवाइकांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवली आहे, जोडलेल्या हातांची चित्रं लावून. परवा तीच गोष्ट माझ्याच ऑफिसातल्या एका बाईंनी मला फॉरवर्ड केली — “किती छान ना!” माझ्या डोक्यात तिडीक गेली. छान? अहो, गाडी मी चालवत होते! तेव्हा जे झालं ते माझ्याकडून ऐका, मग छान की काय ते ठरवा.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. पूर्वजांचा धंदा कापड रंगवायचा आणि छापायचा. आता कुणी दुकानात, कुणी नोकरीत, पण दसऱ्यातल्या आयुधपूजेला जुने लाकडी ठसे अजून बाहेर निघतात. इतर लोक गाड्यांना कुंकू लावतात. आमच्याकडे घरातला कर्ता माणूस लाल रंगात तळहात बुडवतो आणि प्रत्येक हत्यारावर, प्रत्येक वाहनावर त्याचा छाप उठवतो. हात ओला असेपर्यंत त्याने बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. कारण ओल्या हाताने जो शब्द जाईल तो पक्का. तो मागे घेता येत नाही. लहानपणी आम्हाला हे इतकं ठसवलेलं की पूजा होईपर्यंत आम्ही पोरंसुद्धा तोंड दाबून उभी राहायचो.

माझी धाकटी बहीण उमा. बंगळुरात नोकरी करताना तिने सोबतच्या एका नेपाळी मुलाशी लग्न केलं. नवरा माणूस म्हणून लाखात एक, पण आप्पांना — आमच्या वडिलांना — ते कोण सांगणार? लग्नाची बातमी घरी कळल्यावर आलेल्या पहिल्याच आयुधपूजेला आप्पांनी आमच्या डिझेल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. सगळे नातेवाईक अंगणात उभे होते. हात तसाच ओला ठेवून ते बोलले, “ही गाडी तिच्या दारात जाणार न्हाई. मी न्हाई जाणार.” आई मटकन खाली बसली. शब्द रागाच्या भरात गेला, पण गेला. आणि हे कळायला मला रंगारी व्हायची गरज नव्हती की त्या माणसाला त्याच क्षणी त्याचा पश्चात्ताप झाला. तोंडावरून दिसत होतं. पण कबूल करतील ते आप्पा कसले!

उमा नवऱ्याबरोबर बुटवलला गेली. सीमेपासून तासाभराच्या अंतरावर. फोनवर आमच्याशी बोलायची, आप्पांशी नाही. आई वारली तेव्हा आली, परकी येते तशी येऊन गेली. जाताना मला म्हणाली, “अक्का, त्यांना सांग, मला भेटायचं असेल तर माझ्या घरी यायचं. रस्त्यात नको, लॉजवर नको. माझ्या हातचं माझ्या घरी जेवायचं.” मला तिचं पटलं. ज्याने उंबरठा नाकारला त्याने उंबरठाच ओलांडावा, यात काय चुकलं?

आई गेल्यावर आप्पा मऊ पडले. एक दिवस जेवताना एकदम म्हणाले, “उमाकडं जाऊन येऊया.” माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी विमानाची तिकिटं बघायला लागले तर म्हणाले, “बेडा, नको ते. आपल्याच गाडीनं जायचं. जिच्यावर हात ठेवून बोललो, तीच घेऊन तिच्या दारात जातो. मग त्या शब्दाचं काय व्हायचं ते होऊ दे.”

मी मेकॅनिककडे गाडीची नखशिखांत तपासणी करून घेतली. क्लच नवा, बॅटरी नवी, टायर नवे. म्हैसूरहून निघालो — मी, आप्पा, आणि आळीपाळीने चालवायला दिगू, तोच तो दिगंबर. हैदराबाद, नागपूर, जबलपूर, गोरखपूर... देशाचा अर्धा नकाशा पार केला. गाडीने कुठे हूं की चूं केलं नाही. आप्पा वाटेत खुशीत होते. नागपूरला तर्री खाऊन जीभ पोळली, तेव्हा पोरासारखे हसले. आपण उमाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. या गोष्टीची मला आजही चीड येते... त्यांना जायचं होतं हो! मनापासून जायचं होतं.

सोनौलीला पोचलो तेव्हा सकाळचं लख्ख ऊन. रस्त्यावर ट्रकांची रांग, सायकलरिक्षा, कांद्याची पोती, आणि समोर नेपाळची कमान. भारतीयांना तिथे पायी जायला कुणी अडवत नाही. गाडीला मात्र पलीकडच्या कस्टम्सचा परवाना लागतो, त्याला तिथे भन्सार म्हणतात. मी पायी गेले. उमा पलीकडे चहाच्या टपरीपाशी उभी होती. गळ्यात पडली, परवान्याच्या खिडकीपर्यंत सोबत आली. कागद हातात पडल्यावर म्हणाली, “जा, आण त्यांना. मी हितंच थांबते. भात चढवायला सांगून आलेय.”

मी परत येऊन गाडी सुरू केली. रांगेतून पुढे सरकत कमानीखाली आलो, आणि इंजिन बंद पडलं.

होतं असं. मी पुन्हा चावी फिरवली. सुरू झालं. पहिला गिअर टाकला, बंद. पुन्हा. बंद. मागचे हॉर्न वाजवायला लागले. बाजूच्या माणसाने हातवारे करून मागे घ्यायला सांगितलं, रिव्हर्स टाकला... तर गाडी लोण्यासारखी मागे! मी थोडं अंतर घेऊन पुन्हा पुढे आणली. अगदी त्याच जागी बंद. दिगूला बसवलं. त्याच जागी बंद. जवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक आला. फिल्टर बघितला, वायरी बघितल्या, स्वतः चालवली. त्याच जागी. तो डोकं खाजवत मला विचारतो, “मॅडम, आपने इसमें कुछ लगवाया है क्या?”

इथपर्यंत मी म्हणेन, काहीतरी तांत्रिक असेल जे आम्हाला सापडलं नाही. पण पुढचं ऐका. मी म्हटलं, खड्ड्यात गेलं इंजिन, ढकलून नेऊ. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक खाली... मी स्वतः तपासला, एकदा नाही. टपरीवरचे, रिक्षावाले, दिगू, मेकॅनिक, सगळ्यांनी मागून जोर लावला. रस्ता सपाट होता. चाकापुढे दगड नव्हता, साधा कपचा नव्हता. गाडी हलेना! माणसं घामाघूम झाली. आणि मी वैतागून पुढून बॉनेटला नुसता एक हात लावला, तर मागे गेली. एका हाताने. माझ्या.

माझ्या अंगावर काटा आला, हे मी नाकारत नाही.

तपासायची एकच गोष्ट राहिली होती. या सगळ्या वेळात आप्पा पुढच्या सीटवरून उतरले नव्हते. आम्ही बॉनेट उघडलं तरी, मेकॅनिक चालवत होता तरी, ढकलत होतो तरी, हा माणूस आत बसून होता. मी खिडकीशी गेले. “आप्पा, जरा उतरा. तुम्ही नसताना चालते का बघू दे.”

ते समोर बघत म्हणाले, “नोडु, बघ, देवी बेडा म्हणतीये. नको म्हणतीये ती. वळव गाडी.”

“गाडी राहू दे इथेच. आपण पायी जाऊ. उमा ती बघा, तिथे उभी आहे.”

“शब्द गेलाय माझा.”

“शब्द गाडीचा दिलात ना? मग गाडी नका नेऊ!”

“मी न्हाई जाणार, असं पण बोललो होतो.”

एवढ्यात उमाच कमान ओलांडून इकडे आली. तिने लांबून सगळं बघितलं होतं. खिडकीवर हात ठेवून म्हणाली, “चला आप्पा. गाडीचं होगली बिडु, जाऊ दे ते. माझा हात धरा आणि चला. एवढा तर रस्ता आहे.”

आप्पांचे डोळे भरले. पायाशी ठेवलेली साडीची पिशवी त्यांनी खिडकीतून बाहेर काढली. “हे तुझ्यासाठी आणलंय. घे.”

“घरी येऊन द्या,” उमा म्हणाली. हात पुढे केला नाही. तो रिकामा हात मी अजून विसरलेले नाही. आप्पांनी पिशवी परत आत घेतली, आणि दिगू हात जोडून मोठ्याने देवीचं नाव घ्यायला लागला! त्या दिवशी मी भररस्त्यात त्याच्या थोबाडीत मारली नाही, चमत्कार म्हणायचा तर तो हा.

आम्ही वळलो. गाडी पुन्हा सुतासारखी सरळ. म्हैसूरपर्यंत एकदाही बंद पडली नाही. इथे आल्यावर मेकॅनिकने सगळं खोलून बघितलं, त्याला काही मिळालं नाही. मी मुद्दाम चामुंडी बेट्टाच्या टेकडीवर नेली, वळणांवर बंद केली, चढावर उभी करून पुन्हा सुरू केली. काही नाही. आणि त्याच थंडीत आप्पा गेले. झोपेत. उमा पोचेपर्यंत सगळं आटपलेलं होतं. अस्थी आम्ही टी. नरसीपूरला संगमात सोडल्या. त्याच गाडीने गेलो होतो.

आता दिगूचा चमत्कार. त्याचं म्हणणं, देवीने आम्हाला वाचवलं, पुढे दरड कोसळणार होती, अपघात होणार होता. मी उमाला विचारलं. त्या दिवशी बुटवलचा रस्ता कोरडा ठणठणीत होता. दरड नाही, अपघात नाही, साधं ट्रॅफिक नाही. कशापासून वाचवलं? लेकीच्या हातच्या भातापासून? दिगू म्हणतो, “अक्का, आपल्याला कळत न्हाई, तिला कळतं.” आमची कुलदेवी हिंगुलांबिका. तिचं मूळ ठाणं पाकिस्तानात. आमच्या घरातलं कुणी ते कधी बघितलेलं नाही, बघण्याची आशाही नाही. जी स्वतः सीमेपलीकडे बसलीय ती एका म्हाताऱ्याला सीमा ओलांडू नको म्हणेल? आणि म्हणत असेल, तर मला तिच्याशीही भांडायचं आहे. तेवढा माझा हक्क आहे.

आप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि मी गाडी काढली. माझा नवरा म्हणाला, रजा मिळू दे, बरोबर येतो. मला सोबत नको होती. मला ती जागा पुन्हा बघायची होती, आणि क्वालिटीवाल्या माणसाला राहिलेली एक चाचणी करायची होती. सोनौलीला पोचले, भन्सार काढला, रांगेत लागले. कमान जवळ आली तसे माझे दात आवळले गेले. पहिल्या गिअरवर ॲक्सिलरेटर इतका दाबला की बाजूचा रिक्षावाला दचकला.

गाडी गेली.

अडखळली नाही, कुरकुरली नाही, एखादा स्पीडब्रेकर ओलांडावा तशी पलीकडे गेली. मी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि स्टीअरिंगवर मुठी आपटायला लागले. “आता? आता जातेस? मेले, आता जातेस होय?” लोक बघत होते. बघू देत. आयुष्यात कधी दिल्या नाहीत त्या शिव्या मी त्या गाडीला दिल्या, मराठीत दिल्या, कन्नडमध्ये दिल्या. त्यातल्या काही आप्पांना होत्या.

मी कळवलं होतं, त्यामुळे उमा त्याच टपरीपाशी उभी होती. हळूहळू चालत आली. मला वाटलं, रडेल. ती गाडीकडे बघतच नव्हती. मागे वळून कमानीकडे बघत होती, मग आपल्या पायांकडे, मग पुन्हा कमानीकडे.

“इष्टेना?” ती म्हणाली. “एवढंच होतं, अक्का?”



गाडी तेव्हा का अडली आणि नंतर का गेली, मला आजही माहीत नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर जरूर लिहा, मी प्रत्येक शक्यता तपासेन. देवीची इच्छा वगैरे मात्र कृपा करून लिहू नका. लोखंडाची गाडी होती, अडली असेल. आप्पांचे पाय कुणी धरले होते, ते मला सांगा.