चाकाची पिन आणि साहेबांची फीत

बोरीवलीत आमच्या सोसायटीसमोरच्या बागेत व्यायामाची यंत्रं आहेत. त्यांतलं एक हातानं फिरवायचं मोठं चाक. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बाबांचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घरी कसरत करा म्हटलं की ते अंगावर यायचे, पण बागेत चार म्हाताऱ्यांच्या देखत तेच चाक गुमान फिरवायचे. हात हळूहळू सुटत होता. आणि नेमकी त्याच चाकाची मधली पिन तुटली.

डॉक्टर म्हणाले, खंड पडला तर हात पुन्हा आखडेल. मी वॉर्ड ऑफिस गाठलं. तिथे कळलं, बाग त्यांची, पण यंत्रं आमदार साहेबांच्या निधीतली. साहेबांच्या कार्यालयात कळलं, यंत्रं त्यांची, पण दुरुस्ती वॉर्डाची. या टोलवाटोलवीत बाबा घरी भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, गेलात उडत, पिन मीच करून आणते.

गोरेगावला एका गाळ्यात लोखंडाचे सुटे भाग कातून देणारा लेथवाला आहे. तुटका तुकडा मी त्याच्यासमोर ठेवला.

"ताई, हा अर्धाच आहे. बाकीचा?"

"चाकात अडकलाय."

"मग लांबी काय अंदाजानं कापू? केक आहे का हा?"

परत बोरीवली. चाकाखाली ओणवी होऊन, ओढणीला ग्रीस फासून घेत माप घेतलं. परत गोरेगाव. त्यानं पिन केली, दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन जुना तुकडा ठोकून काढला, नवी बसवली आणि जाताना विचारलं, "सरकारी वस्तूत तुमचं काय अडलंय एवढं?" मी नुसते पैसे त्याच्या हातावर टेकवले. तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या.

पुढच्या सकाळी मोठ्या हौसेनं बाबांना घेऊन गेले, तर चाकाला लाल फीत, झेंडूचा हार आणि वर हसऱ्या चेहऱ्यांचा बॅनर: साहेबांच्या अथक प्रयत्नांतून दुरुस्ती! वॉचमन आडवा आला.

"मॅडम, हात नका लावू. उद्घाटन व्हायचंय."

"अरे, पिन मी बसवून घेतली! तुझ्या डोळ्यांसमोर!"

"मला काय माहीत नाही का? पण ऑफिसातून सांगितलंय. साहेबांना टाइम मिळाला की येतील."

साहेबांना टाइम काही मिळेना. हार वाळून गेला. आम्ही रोज जायचो, मी रोज भांडायचे आणि बाबा काठी टेकत परत फिरायचे.

एके दिवशी मी वॉचमनवर असा आवाज चढवला की फिरायला आलेले लोक थांबले. तेव्हा बाबा पुढे झाले. चिडले की त्यांच्या तोंडून गावची मालवणीच यायची.

"बाय, तू गप. चाक सायबान फिरवूचा काय मियां?"

फितीची गाठ चाकाच्या वरच्या कडेला होती. उजव्या हातात काठी. ती सोडली असती तर ते पडलेच असते. त्यांनी डावा हात उचलला. तो खांद्यापाशी आला आणि थांबला. मी धरायला धावले, तर माझ्यावर डोळे वटारले. मग हात आणखी वर गेला, बोटं फितीत अडकली आणि बाबांनी ती ओढून काढली.

वॉचमननं सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि लगेच जीभ चावली. बाबांनी तोच हात चाकावर ठेवला. मला मात्र तिथेच, सगळ्यांसमोर, रडू आवरेना.