दोन बोटं रबर

मोटारसायकलचे टायर बघून माणसाची लायकी कळते असं आमच्या क्लबात मानतात, आणि ते दुर्दैवाने खरं आहे. वळणावर गाडी जितकी आडवी घ्याल तितका टायर कडेपर्यंत घासला जातो. जो घाबरतो त्याचा टायर मधोमध झिजतो आणि दोन्ही कडांना कोऱ्या रबराची पट्टी तशीच राहते, दुकानातून आणली तेव्हा होती तशी काळी आणि गुळगुळीत. क्लबात तिला ‘बीकण पट्टी’ म्हणतात. बीकण म्हणजे गुजरातीत भित्रा. माझी पट्टी चांगली दोन बोटं रुंद होती.

क्लब म्हणजे फार काही नाही. बडोद्यातली नोकरी-धंदा करणारी काही प्रौढ माणसं डभोईच्या बाजूला एका बंद कारखान्याचं आवार महिन्यातून एका रविवारी भाड्याने घेतात, डांबरी रस्त्याच्या कडेला पेंढ्याचे गठ्ठे लावतात आणि चामड्याचे सूट चढवून उन्हात गोल गोल फिरतात. जिंकणाऱ्याला स्टीलचा कप मिळतो. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. एका पंपांच्या कारखान्यात माल तपासायचं काम करतो, म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांच्या कामातले दोष काढतो. रविवारी इतरांना ती संधी देतो.

आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यांच्यामागे आम्हाला आडनाव आणि मोठा आवाज एवढंच मिळालं, पण ही गोष्ट मी एकदा चहा पिताना क्लबात बोलून बसलो. झालं. तेव्हापासून माझे टायर दिसले की कुणीतरी विचारायचंच, ‘भाऊ, दादाजीनो घोडो पण सीधो ज चालतो हतो?’ पणजोबांचा घोडाही सरळच चालायचा का, ही चौकशी ते इतक्या आपुलकीने करत की रागावताही येत नसे. मी हसायचो आणि घरी येऊन जेवताना भाजीतले दोष काढायचो.

बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय ती कुणालाही ठणठणीत समजत नाही, मला तर नाहीच. माझी पहिली शर्यत बघायला ती आली, तेव्हा कुणीतरी तिला माझी बीकण पट्टी दाखवून सगळं शास्त्र समजावलं आणि बाकीचे खो खो हसले. ती हसली नाही. तिने वाकून कोऱ्या रबरावर दोन बोटं आडवी ठेवली, दोन्ही बाजूंनी तपासलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘छान आहे.’ इतकं कौतुक तिने माझ्या नोकरीचंही केलेलं नाही. त्यानंतर प्रत्येक शर्यत संपली की ती पाण्याची बाटली घेऊन यायची, बाटली माझ्या हातात द्यायची आणि आधी टायरपाशी जायची. दोन बोटं बसली की तिचा जीव भांड्यात पडायचा. माझा तिथेच जायचा.

यंदा टायर बदलायची वेळ आली. मधोमध झिजून ते सपाट झाले होते. शहरातल्या वाडी भागात एक टायरवाला आहे, त्याने मला सगळं नीट सांगितलं. सॉफ्ट टायर लवकर तापतो, रस्ता धरून ठेवतो आणि लवकर संपतो. हार्ड टायर भरपूर टिकतो, पण तो तापायला वेग लागतो. ‘तमारे माटे मीडियम,’ तो म्हणाला. माझा वेग त्याने कधी पाहिलेला नव्हता, मला फक्त दुकानात शिरताना पाहिलं होतं. मला आयुष्यात सगळं मध्यमच सुचवण्यात आलं आहे, शाळेपासून. मी विचार करतो म्हणालो आणि बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात मला आमच्या क्लबातल्या सगळ्यात वेगवान माणसाचे जुने टायर मिळाले. हा निजामपुऱ्यात दातांचा दवाखाना चालवतो, पस्तिशीचा आहे, रोग्यांशी फार हळू बोलतो आणि वळणावर त्याचा गुडघा डांबराला लागतो. थोडे वापरून झाले की तो टायर उतरवतो आणि मागेल त्याला देऊन टाकतो. त्याने मला प्रामाणिकपणे बजावलं, ‘आमां हवे पकड नथी, भाऊ. तापी तापीने कडक थई गया छे.’ पकड उरलेली नाही, तापून तापून रबर कडक झालंय. मी ऐकलं. पण मी कडा बघत होतो. अगदी टोकापर्यंत घासलेल्या, खरबरीत, रबराचे बारीक गोळे चिकटलेल्या कडा. अशा कडा माझ्या गाडीला असाव्यात, एवढंच मला हवं होतं. टायरने रस्ता धरावा हा मुद्दा तेव्हा मागे पडला.

टायर मी परस्पर गॅरेजमध्ये बसवून घेतले. घरी सांगायचं राहिलं असं मी म्हणेन. ते सांगायचं नव्हतंच.

रविवारी गाडी टेम्पोतून उतरवली आणि सगळे जमा झाले. ‘शुं वात छे, भाऊ! पट्टी क्यां गई?’ एकाने खाली बसून कडेवरून अंगठा फिरवला. दुसऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मिशी नाही म्हणून, नाहीतर ताव दिला असता. दातांचा डॉक्टर थोडं लांब चहा पीत उभा होता. त्याने स्वतःचे टायर ओळखले, माझ्याकडे बघितलं आणि कप घेऊन दुसरीकडे निघून गेला. इतकं सभ्य माणूस मी क्लबात दुसरं पाहिलेलं नाही.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. आमचा रस्ता अर्धा उघड्यावर आहे आणि अर्धा जुन्या शेडच्या मागे. बघणारे झाडाखाली खुर्च्या टाकून बसतात, त्यांना शेडच्या मागचं वळण दिसत नाही. त्याच वळणावर माझं मागचं चाक सरकलं. मी फार आडवाही झालो नव्हतो. चाक आपलं ठरवल्यासारखं बाहेर गेलं, आणि का कोण जाणे, ते परत जागेवर आलं. त्यानंतर मी पणजोबांच्या घोड्यालाही लाज वाटेल इतका हळू गेलो. शेवटून दुसरा आलो. शेवटच्याची साखळी उतरली होती.

हेल्मेट काढलं तेव्हा गाडीभोवती पाच-सहा जण उभे होते, निकालापेक्षा टायरची चर्चा चालू होती. बायको आली. बाटली दिली. खाली वाकली आणि दोन बोटं ठेवायला गेली. बोटं ठेवायला जागाच नव्हती. तिने दुसरी बाजू बघितली, मग पुढचं चाक, मग परत मागचं. ‘भाभी, हवे भाऊ बीकण नथी रह्या,’ एक जण आनंदाने म्हणाला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली आणि तिने अगदी हळू विचारलं, ‘कधीपासून?’

लॅबमध्ये ती रोग्यांना हा प्रश्न विचारताना मी ऐकलंय. माझ्या शेजारी ती माणसं उभी होती ज्यांनी आज पहिल्यांदा मला मानाने भाऊ म्हटलं होतं, आणि समोर ती. घरी जाऊन सांगता आलं असतं. तासाभराचा तर प्रश्न होता. पण तो तास तिने काढावा हे मला बघवेना.

‘माझे नाहीत ते,’ मी म्हणालो. आवाज मोठा आहे, सगळ्यांना ऐकू गेलं. ‘जुने घेतलेत. कडा डॉक्टरांनी घासल्यात. मी तसाच जातो, आधी जायचो तसा.’

हसण्याचा जो स्फोट झाला तो बराच वेळ टिकला. एकाने तर डोळे पुसले. बायको मात्र डॉक्टरकडे वळली होती. तिने त्याला गुजरातीतच विचारलं, ‘तमारे घेर कोण जुए छे?’ तुमचे टायर घरी कोण बघतं?

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, ‘घेर तो क्रिकेट रमवा जाऊं छुं एम कह्युं छे, भाभी.’

क्रिकेट खेळायला जातो असं घरी सांगितलंय. यावर कुणी हसलं नाही. हळूहळू सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले.

परतताना कारमध्ये मी तिची नाराजी संपायची वाट बघत होतो. शेवटी मीच म्हणालो, ‘सगळ्यांसमोर नाक कापून घेतलं ने मी. आता काय राहिलं?’

‘ते टायर तुमचे नाहीत एवढंच कळलं मला,’ ती म्हणाली. ‘आज तुम्ही काय केलंत ते कुठे कळलं?’

‘काही नाही केलं. हळू गेलो.’

‘शेडच्या मागे?’

मी गिअर बदलला. तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायला वेळ लागतो. ‘मागचं चाक एकदा सरकलं,’ मी म्हणालो.

‘किती?’

मी स्टिअरिंगवरचा एक हात काढून दाखवलं, अंदाजे. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. मला वाटलं आता बंद करा म्हणेल. म्हणाली असती तर मी केलंही असतं, आणि आयुष्यभर कुरकुरलो असतो. तिला ते ठाऊक होतं.

‘बंद करा म्हणणार नाही मी,’ ती म्हणाली. ‘सॉफ्ट घ्या, हार्ड घ्या, मला त्यातलं काही कळत नाही. पण कोरे घ्या. तुम्ही त्या शेडच्या मागे गेलात की मला दिसत नाही. तिकडे काय झालं ते नंतर तरी मला कळू द्या ने.’