केसभर सैल

त्याला सगळे गपचूप म्हणत. हे नाव त्याला पडलं होतं की त्याच्या इंजिनांना, यावर गल्लीत दोन मतं होती. माणूस दिवसभरात मोजकं बोलायचा, तेही बहुधा पान्याशी. आणि त्याच्या हातून गेलेली स्कूटर गारठ्यातही आवाज करत नसे. इतरांकडच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या सकाळी सुरू केल्या की डब्यात खिळे घालून हलवल्यासारख्या वाजायच्या. गपचूपची गाडी किक बसताच गुणगुणू लागायची. समोरचा न्हावी वस्तरा हवेत धरून कान द्यायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "ऐका. हे इंजिन गालावरून फिरवलं तरी कापणार नाही."

गपचूप न ऐकल्यासारखं करायचा. पण त्या दिवशी तो दुपारी दोन घास जास्त जेवायचा.

त्याची थोरली बहीण त्याच्या अगदी उलट. ताई टेकडीवरच्या तलावावर पोहायला शिकवायची. पाण्यावरून पोरांना हाका मारून मारून तिचा आवाज असा झाला होता की तिनं कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या घरात पोचायचं. आई लवकर गेली. नंतर गपचूपचं डोकं विंचरण्यापासून त्याच्या मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. तो कमावता झाल्यावर त्यानं तिला एक जुनी स्कूटर उभी करून दिली. आठवडाभरात ताई गॅरेजच्या दारात हजर.

"चढावर सायकलवाले मला मागं टाकतात. वर विचारतात, ढकलू का? माझी काही इज्जत आहे की नाही?"

तेव्हापासून ते इंजिन त्याच्या हाताखालून सुटलंच नाही. पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या ब्लॉकच्या भिंतीत ज्या खिडक्यांतून पेट्रोलची वाफ आत येते आणि धूर बाहेर जातो, ते पोर्ट त्यानं कानशीनं थोडे थोडे रुंद केले. ब्लॉकवरचं झाकण, म्हणजे हेड, घासलं, सायलेन्सर बदलला. दर वेळी ताई चढावर जाऊन यायची, हेल्मेट काढायची आणि म्हणायची, "बरी आहे. अजून थोडी?" लोक बहिणीला साडी घेतात. तो वेग देत गेला.

शेवटी जुना पिस्टन त्या इंजिनाला पुरेना, म्हणून त्यानं घडीव पिस्टन बसवला. साधा पिस्टन ओतून करतात. हा ठोकून घडवलेला, जास्त ताकदीचा. पण घडीव पिस्टन तापला की जास्त फुगतो. त्याला फुगायला जागा लागते, म्हणून गार असताना तो ब्लॉकमध्ये सैल ठेवावा लागतो. आणि सैल ठेवला की तापेपर्यंत तो खडखडतो. त्याला इलाज नाही.

ब्लॉकला बोर करून, म्हणजे आतलं भोक कातून, देणारा कारागीर तेव्हा म्हणाला होता, "खोक्यावर लिहिलंय तेवढा सैल करू ना?"

"निम्मं."

"अरे, पकडेल तो."

"वाजलेला चालणार नाही."

इंजिन वाजलं नाही. न्हाव्यानं वस्तरा हवेत धरला. आणि तिसऱ्या आठवड्यात, भर चढावर, वळणाच्या तोंडाशी, फुगलेला पिस्टन ब्लॉकमध्ये अडकून बसला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि ताई रस्त्यावर फेकली गेली. उजवं मनगट मोडलं.

"खडी होती रे," प्लास्टर घातलेला हात सांभाळत ताई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "चाक सरकलं. माझ्या भावाची गाडी होती म्हणून वाचले."

हे वाक्य तिनं गपचूपच्या देखत कितीतरी जणांना ऐकवलं. तो उठून चहा टाकायला जायचा.

ब्लॉक उघडल्यावर पिस्टनच्या अंगावर लांब उभे ओरखडे दिसले होते, नखांनी ओढल्यासारखे. खडीनं पिस्टनला ओरखडे पडत नाहीत.

आता प्लास्टर निघालं होतं आणि ताईनं निरोप धाडला होता की गाडी तयार ठेव. बाकावर वर्तमानपत्राच्या कागदावर दोन नवे पिस्टन होते. एक ओतीव, एक घडीव. दोन्ही चकचकीत, दोन्ही हाताला गार. गपचूप एकदा हा उचलायचा, एकदा तो. घडीव पिस्टन योग्य तेवढा सैल बसवला तर रोज सकाळी तो गल्लीभर बोंबलणार. ओतीव कमी फुगतो, घट्ट बसतो, वाजत नाही. पण रुंद केलेल्या पोर्टांवरून तो रोज जोरात पळवला तर त्याची खालची कड तडकणार. कानशीनं काढलेलं लोखंड परत लावता येत नाही, आणि त्या गाडीला नवा ब्लॉक मिळायचे दिवस गेले होते. ओतीव टिकायचा एकच मार्ग होता: गाडी सावकाश चालली पाहिजे.

ताई आणि सावकाश!

मग त्याला एक युक्ती सुचली. कार्बोरेटरच्या झडपेवर पितळेची बोटभर नळी चढवली की मूठ पूर्ण पिळली तरी झडप अर्धीच उघडते. इंजिन शांत राहील, पिस्टन टिकेल, ताई पडणार नाही. गाडी का ओढत नाही असं तिनं विचारलं तर सांगता येईल की जुनी झाली. सगळं जुनं होतंच. त्यानं नळी कापली, कडा घासल्या. काम सुबक झालं होतं. पण नळी बोटात फिरवताना त्याला तिच्याकडे बघवेना, जणू ती उंदराला घालायची गोळी होती.

"हे काय नवीन?"

ताई दारात उभी होती. मनगटाचा रंग अजून उतरलेला. तिनं नळी त्याच्या हातातून घेतली, डोळ्याला लावून त्यातून त्याच्याकडे पाहिलं. "बासरी करतोयस की काय?"

गपचूप एकदम म्हणाला, "खडी नव्हती."

"काय?"

"रस्त्यावर. खडी नव्हती. पिस्टन मी घट्ट बसवला होता. वाजू नये म्हणून."

ताई स्टुलावर बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "कुणाला वाजू नये म्हणून? मला तर पाण्यात राहून अर्धं ऐकू येत नाही."

तो समोरच्या दुकानाकडे बघत राहिला. न्हावी कुणाचं तरी डोकं भादरत होता.

"त्याच्यासाठी?" ताई म्हणाली. "अरे, त्याला धड कल्ले सारखे करता येत नाहीत!"

दोघंही हसली नाहीत. ती नळी तिच्या हातातच होती. "आणि हिचं काय काम?"

त्यानं सांगितलं. नळीविषयी सांगणं पिस्टनपेक्षा जड गेलं.

"म्हणजे मी पडले तुझ्यामुळं," ताई एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "आणि हळू व्हायचं मी? तेही मला न सांगता? मी रोज आरशात बघून म्हणायचं की बाई गं, गाडी म्हातारी झाली, तूही झालीस?"

"तू पुन्हा पडशील याची भीती वाटते."

"मला वाटत नाही का? पण माझी भीती मला कळू दे ना. तीसुद्धा तूच ठेवून घेणार?"

तिनं नळी बाकावर ठेवली. आपटली नाही. आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गपचूप ब्लॉक आणि घडीव पिस्टन घेऊन बोरवाल्याकडे गेला.

"निम्मं?" बोरवाल्यानं डोळा मारला.

"खोक्यावर आहे तेवढं. केसभरही कमी नको."

"वाजेल हं."

"वाजू दे."

वाजलं. सकाळच्या गारव्यात ताईची स्कूटर गल्लीत अशी खडखडली की दोन खिडक्या उघडल्या. न्हावी वस्तरा घेऊन थेट पायरीपर्यंत आला. "काय रे, आत पाना-बिना विसरलास का? जमेना झालं वाटतं आता!" खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या साबणानिशी मान वळवून बघत होतं. गपचूपच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सैल ठेवलाय," तो म्हणाला. मग आणखी मोठ्यानं, "मागच्या वेळी घट्ट ठेवला, म्हणून ताई पडली."

न्हावी वस्तरा पुसत आत गेला.

ताई हेल्मेटचा पट्टा लावत होती. तिनं हे ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिनं लगेच निघायची घाई केली तेव्हा त्यानं हँडल धरून ठेवलं, इंजिन तापून खडखड विरेपर्यंत. मग ती सीटवर सरकून बसली.

"बस मागं."

"मी?"

"मग कोण? न्हावी?"

इतकी वर्षं ती गाडी त्यानं चढासाठी तयार केली आणि त्या चढावर तिच्या मागं बसून तो कधीच गेला नव्हता. खाली घरं मागं पडली. ताईनं मूठ पिळली आणि इंजिनानं असा दम घेतला की त्याची पाठ मागं खेचली गेली. वळण आलं. ताईनं वेग कमी केला नाही.

त्यानं तिच्या खांद्यावरून पुढं पाहिलं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर टेकलेली होती. पिस्टन अडकला तर त्या क्षणी दाबायला. दाबला की चाक इंजिनापासून मोकळं होतं. वळण गेलं, चढ संपला, तलावाची भिंत दिसू लागली, तरी बोटं तिथंच होती.

घट्ट धरायला म्हणून त्यानं हात तिच्या डाव्या खांद्यावर ठेवला होता, तो जरा हलका केला, बोटांना अडचण नको म्हणून.