पूजेला चालणारे बूट

बुटांना हार घालणाऱ्या माणसांची मला आजही किळस येते. माझ्यादेखत त्यांनी तो घातला आणि वर टाळ्याही वाजवल्या.

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका शाळेत खेळशिक्षक होतो. आमच्याकडे शाळाशाळांतून बेसबॉल चांगला रुजला होता आणि होम प्लेटमागे पंच म्हणून उभं राहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. तिथं चेंडू सरळ तुमच्या रोखानं येतो. मध्ये फक्त बॅट आणि झेलणारा पोरगा. बॅटची नुसती कड लागली की चेंडू खाली वळतो आणि पंचाच्या पायावर बसतो. आदल्या हंगामात माझ्या उजव्या अंगठ्याचं नख असंच गेलं. पुन्हा तिथंच मार बसला तर पाय कायमचा अधू होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि माझं तर पोटच त्या पायांवर होतं.

म्हणून आमच्या बेसबॉल संघटनेनं पंचांसाठी बूट घ्यायचं ठरवलं तेव्हा मी स्वतः जालन्याला गेलो. पंच दोघं, बूट एकच जोड. दुसरा पंच माझा मित्र, वडीगोद्रीकडचा चित्रकला शिक्षक. संघटनेचे अध्यक्ष त्याच्याच शाळेचे संस्थाचालक होते. तेही संघटनेच्या दोन सभासदांना घेऊन खरेदीला आले.

पंचांसाठी मुद्दाम बनवलेले बूट आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. पण जालन्यात सळईचे कारखाने आहेत आणि तिथले कामगार घालतात त्या बुटांत बोटांवर पोलादी टोपी असते. दुकानदारानं जोड काढला. मी हातोडी मागून टोकावर ठोकली. पायात घालून उकिडवा बसलो, उठलो, पुन्हा बसलो. वर पंजावर एक जाड पट्टी शिवून घेतली की झालं, म्हटलं.

“चामडं हाये का?” अध्यक्षांनी विचारलं.

दुकानदार हो म्हणाला.

“मंग न्हाई चालत. स्पर्धेच्या उद्घाटनाला समदं सामान पूजेला मांडायचंय. पाहुण्यांच्या हातून हार पडणार हाये.”

“साहेब, ग्लोव्ह चामड्याचा आहे. चेंडूसुद्धा चामड्याचा आहे.”

“ते हातातलं, सर. हे पायातलं. तुमी लई बारीक बघून राह्यले.”

“मग बूट पूजेत मांडताच कशाला?”

“नवं सामान हाये. लोकांना दिसाया नको?”

या अकलेपुढे काय बोलणार! गाढवापुढे वाचली गीता. शेवटी रेक्झिनचे काळे, चकचकीत बूट निवडले गेले. अध्यक्षांनी टोकावर अंगठा दाबून “बिलकुल लोखंड” असा निवाडा दिला. मीही दाबून पाहिलं. आत पुठ्ठा होता. तसं मी सांगितलं, तर बरोबरचे दोघं दुसरीकडे बघत चहाची ऑर्डर द्यायला लागले.

उद्घाटनाला बॅट, चेंडू, मास्क आणि मधोमध ते बूट. टोकांना हळदकुंकू, वर झेंडूचा हार. पाहुण्यांनी त्यांच्यासमोर हात जोडले आणि मंडपात टाळ्या पडल्या. पण मी बूट नाकारले असते तर मित्राला उभं केलं असतं. घातले.

तिसऱ्या डावात चेंडू बॅटच्या कडेला लागून खाली आला. पुठ्ठा दबला आणि अंगठ्याचं हाड मोडल्याचं मला आतून कळलं. मी खालीच बसलो. अध्यक्ष मंडपातून धावत आले. मला वाटलं, माझ्यासाठी.

“जल्दी काढा बूट,” ते म्हणाले. कुणीतरी ओढून काढला. मोजा लाल झाला होता. अध्यक्षांनी बूट उलटासुलटा केला, रुमालानं पुसला आणि मला दाखवला. “बघा सर, वरून कायबी झालं न्हाई. चीज चांगली निघाली.”

मग त्यांनी माझ्या मित्राला हाक मारली. पाहुणे बसलेत, सामना थांबवता येत न्हाई, म्हणाले.

“घालू नको,” मी मित्राला म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या संस्थाचालकांकडे. खाली बसून त्यानं पाय आत घातला.

“आत ओलं हाये,” तो एवढंच म्हणाला, आणि नाडी बांधायला लागला.