किती चुकल्या, कुठे चुकल्या

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पेशंटची चाचणी घेत होते. फोन त्यांच्या मुलीचा, मनीषाचा. "झोपेतच गेली गं आई..." एवढंच ती बोलली. पेशंटसमोर रडायचं नाही, हे ताईंनीच शिकवलेलं. चाचणी पुरी केली, मग बाहेर आले.

सुरतेत मेंदूच्या आजारांतल्या मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. मी नवी असताना डिंडोली भागातले, कापडाच्या लूमवर काम करणारे एक कारागीर लकव्यातून सावरून आले होते. कागदभर विखुरलेल्या छोट्या चांदण्यांवर काट मारायची, अशी ती चाचणी. त्यांच्या चारच सुटल्या. चाचणीच्या पुस्तिकेतल्या नियमाने ते पास होते, मी तसं लिहिलंही. "मी बरा शे, ताई. माले कामवर जाऊ द्या," ते खुशीत म्हणाले. ताईंनी कागद मधोमध दुमडला. चारही चांदण्या डाव्या अर्ध्यातल्या होत्या! "किती चुकल्या ते नंतर. कुठे चुकल्या ते आधी बघ," त्या मला म्हणाल्या. निघताना त्या गृहस्थांचा डावा खांदा चौकटीवर आपटला, आणि त्यांना ते कळलंही नाही; डोळे धड होते, पण मेंदू डावी बाजू टिपत नव्हता. चालत्या लूमवर तो हात असता तर... ताईंनी त्यांना तीन महिने थांबवलं, दर आठवड्याला बोलावून सराव करून घेतला आणि मगच कामावर सोडलं.

दोन वर्षांपूर्वी ताईंनाच तसा झटका आला. चाचणी घ्यायला मीच. डावीकडच्या बहुतेक चांदण्या तशाच राहिल्या. मी मोजताना घुटमळले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मला कागद पूर्ण दिसतोय असं वाटतंय, आणि तू घुटमळतेयस. म्हणजे तो दिसत नाहीये. मार्क वाढवू नकोस, खरे लिही. सुरुवात कुठून करायची ते मला कळायला हवं." मी खरे लिहिले.

घरी मनीषा त्या वाचत असलेल्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाला डाव्या कडेला लाल रेघ मारून द्यायची. प्रत्येक ओळीआधी नजर त्या रेघेपर्यंत न्यायची, असा त्यांचा सराव.

गेल्या आठवड्यात मनीषाकडे गेले तेव्हा ते पुस्तक मी चाळलं. निम्म्यावर लाल रेघा थांबल्या होत्या. पुढे मात्र डाव्या समासात ताईंच्या बारीक अक्षरातल्या नोंदी होत्या, शेवटच्या पानापर्यंत.

"मी विचारलं होतं, रेघ मारू का," मनीषा म्हणाली. "तर म्हणे, आता नको. तिथे मला लिहायला जागा लागते."